सत्तावन्न सांगितलं की पंच्याहत्तर: दुसरीच्या वर्गाबरोबरचं यंदाचं वर्ष

मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात २३ मुलं. पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम पोरगं वाचायला लागलं का, आणि गणिताचं विचारलंच तर पाढे पाठ आहेत का एवढंच. पण यंदा खरं सांगायचं तर माझं सगळ्यात जास्त डोकं आणि सगळ्यात जास्त दिवस गेले ते शंभरपर्यंतच्या आकड्यांमध्ये, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

वाचनाचं थोडक्यात सांगते. पहिलीतून मुलं काना-मात्रा घेऊन आली होती, जून-जुलैत जोडाक्षरं सुरू केली, सूर्य मधला रफार, प्रकाश मधला र आणि सुऱ्या मधला र हे तिन्ही एकच अक्षर आहे हे पटायला दिवाळी आली. पण त्यात मला भीती नव्हती, गोष्टीची पुस्तकं हातात दिली की ते जमतंच, फक्त रोज मोठ्याने वाचायला लावायला पाहिजे.

आकड्यांचं मात्र ऑगस्टमध्ये लक्षात आलं. एके दिवशी सहज संख्यांचं श्रुतलेखन घेतलं, दहा संख्या, क्रमाने नाही, मधल्याच कुठल्याही. सत्तावन्न सांगितलं तर नऊ जणांनी ७५ लिहिलं. एकोणतीस सांगितलं तर अकरा जणांनी ३९. छत्तीसचं ६३ तर बऱ्याच पाट्यांवर होतं. मला आधी वाटलं सराव कमी पडतोय, म्हणून आठवडाभर रोज १ ते १०० लिहायला लावलं, आणि ते सगळ्यांचं बरोबर यायचं! एकही चूक नाही. मग हे चुकतंय कुठे?

एका मुलीच्या शेजारी जाऊन बसले आणि ती लिहिताना नुसतं बघत राहिले. तिने आधी वरून खाली ५ ५ ५ ५ असे सगळे पाच काढले, मग परत वर जाऊन त्यांच्या शेजारी १ २ ३ ४ भरत खाली आली. एकावन्न, बावन्न, त्रेपन्न असं तिच्या डोक्यात काही चाललेलंच नव्हतं, तो फक्त एक नमुना होता, रांगोळीच्या ठिपक्यांसारखा. मग घरी गेल्यावर मला मागच्या वर्षीच्या वह्या आठवल्या, कित्येक वर्षं आम्ही १ ते १०० लिहून आणा असा गृहपाठ देतोय आणि वही तपासून सही करतोय.

आता यात मुलांची चूक म्हणावी तर तसंही नाही. सत्तावन्न म्हणताना आधी ऐकू येतो सात आणि नंतर पन्नास. मूल जे आधी ऐकतं ते आधी लिहितं, ७ आणि मग ५. कानाने ऐकलेलं अगदी प्रामाणिकपणे लिहिलंय त्याने. शेजारच्या तेलुगू, कन्नड मुलांना हा त्रास नाही, त्यांच्याकडे पन्नास आधी आणि सात नंतर बोलतात, जसं लिहायचं तसंच.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पन्नास सात, वीस एक असं संख्यावाचन आलं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. विधानसभेपर्यंत विषय गेला. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीवर होत्या, त्या परत परत सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून ही पद्धत सोबत दिलीय. मी तेव्हा वरच्या वर्गाला शिकवत होते, मला स्वतःला राग आला होता, वाटलं आपली भाषा कशाला मोडताय. यंदा ते नऊ ७५ बघितल्यावर त्यांचं म्हणणं काय होतं ते मला समजलं. जुनी नावं सोडावीत असं मला आजही वाटत नाही, कारण घरात, बाजारात, एसटीत सत्तावन्नच बोलतात आणि मुलाला त्यातच जगायचंय. पण पन्नास सात हा पूल मध्ये पाहिजेच, तो न देता मुलाला थेट पलीकडे उडी मारायला लावणं बरोबर नाही.

तर सुरुवात काड्यांपासून केली. खराट्याच्या काड्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे. रबर बँड संपले तर मुलांनी घरून सुतळी आणली, आमच्याकडे टोमॅटोच्या बांधणीला घराघरात सुतळीची बंडलं असतात. पाच गठ्ठे आणि सात सुट्या काड्या, बोला, पन्नास सात. सप्टेंबर पूर्ण आम्ही असंच बोललो. घरी काही आज्यांना ते आवडलं नाही, एक आजी शाळेत येऊन म्हणाल्या, "बाई, हे पन्नास सात काय लावलंय, आम्ही तर तीन विसा नि पाच असं मोजायचो, तरी कधी चुकलो नाही." मी त्यांना वर्गात बसवून तीन विसा नि पाच काड्यांवर दाखवायला सांगितलं. त्यांनी वीस-वीसचे तीन ढीग घातले, वर पाच ठेवल्या आणि मुलांनी दोन दोन गठ्ठे धरून पासष्ट काढलं. आजी खूश होऊन गेल्या.

खरं कोडं सुटलं ते हजेरीच्या वहीमुळे. आमच्या हजेरीत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. हाक मारताना मात्र आपण नाव आधी घेतो. एक दिवस हजेरी घेताना एका मुलाने वहीत डोकावून विचारलं, मॅडम माझं आडनाव आधी का लिहिलंय? आणि मला तिथेच सुचलं. फळ्यावर ५७ लिहिलं आणि म्हटलं, ह्याचं नाव सात आणि आडनाव पन्नास, बोलताना नाव आधी, लिहिताना आडनाव आधी, अगदी आपल्या हजेरीसारखं.

त्या दिवसानंतर वर्गाचं बोलणंच बदललं. आम्ही आडनावं शोधायला लागलो. वीस, तीस, चाळीस ही आडनावं नीट ऐकू येतात, तेवीस, चौतीस, पंचेचाळीस. पन्नासवाले कधी वन्न तर कधी पन्न म्हणतात, बावन्न पण त्रेपन्न. साठवाले सष्ट, सत्तरवाले हत्तर, ऐंशीवाले सरळ ऐंशी आणि नव्वदवाले ण्णव. भिंतीवर एकेका घराण्याचा कागद लावला. मी संख्या सांगायची, मुलांनी आधी शेवट ऐकायचा, आडनाव लिहायचं, मग नाव. शेवट ऐकेपर्यंत पेन्सिल टेकवायची नाही हा एकच नियम होता, आणि सगळ्यात अवघड तोच होता, कारण लहान मुलाला थांबणं अवघड असतं.

मग एका मुलीने जे शोधलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव असं भिंतीवर वाचता वाचता ती ओरडली, मॅडम सगळ्या दोनला ब आहे! आणि मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, मग बे एके बे, बे दुणे चार, तो पण बे म्हणजे दोनच! मी इतकी वर्षं बेचा पाढा म्हणून घेतेय आणि हे कधी कुणाला दाखवलं नव्हतं. मग त्या दिवशी ठरलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि तीनचा त, चारचा च, सातचा स शोधत बसलो. अकरा ते अठराला आडनाव सापडत नाही, ती नुसती लक्षात ठेवायची असं मी सरळ सांगून टाकलं, मुलांना खरं सांगितलेलं चालतं.

एकोणवाल्यांना जास्त वेळ लागला. एकोण म्हणजे एक कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. सांगून कळत नाही हे. व्हरांड्यात खडूने ० ते १०० चे घर आखले, दहाची घरं लाल. संख्या सांगितली की मुलाने आधी त्या लाल घरात जाऊन उभं राहायचं आणि मग एक पाऊल मागे यायचं. तीस मध्ये उभं राहून एक पाऊल मागे आलं की पायाखाली २९. आठवडाभर मधल्या सुट्टीतसुद्धा मुलं तिथेच उड्या मारत होती. आडनावाच्या भाषेत आम्ही म्हणायचो की एकोणतीस राहतो वीसच्या घरात पण नाव सांगतो तीसच्या दारातलं, कारण त्याला तिथे जायला एकच पाऊल राहिलंय.

आणि मग एकाने ९९ वर उभं राहून सांगितलं, एकोणशंभर. त्याचं अगदी बरोबर होतं! एकोणनव्वद आहे तर एकोणशंभर का नाही. मी सांगितलं की तुझा विचार बरोबर आहे, पण आपले लोक इथे वेगळं बोलतात, नव्व्याण्णव हा एकटा आपल्याच घरातलं आडनाव लावतो. त्या मुलाला चूक म्हणून गप्प बसवलं असतं तर त्याने परत कधी डोकं लावलं नसतं.

दिवाळीनंतर वर्गात एक नवीन मुलगा आला. मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ, पारनेरकडून दरवर्षी आमच्या शिवारात येतो, त्यांच्यातला. स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते शिक्षण हमी कार्ड सोबत होतं, पण आधीच्या शाळेत तो फार थोडे दिवस बसलेला. अक्षरं तुटक यायची, लिहिता २० पर्यंतच यायचं. पण मेंढ्या किती विचारलं तर लगेच म्हणाला, "चार खंडी नि वर सात." खंडी म्हणजे वीस. म्हणजे सत्त्याऐंशी मेंढ्या त्याच्या नजरेत रोज संध्याकाळी मोजल्या जात होत्या आणि आम्ही त्याला वीसपर्यंतचा मुलगा म्हणत होतो. त्या आजींच्या तीन विसांची मुलांनाच आठवण झाली, त्यांनीच त्याला गठ्ठे मांडून ८७ लिहून दाखवलं. तिथून तो तीन आठवड्यात शंभरपर्यंत आला.

डिसेंबर-जानेवारीत वजाबाकी. ५२ मधून २७. बहुतेकांचं उत्तर ३५, कारण सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्यांना माहीत. पुन्हा काड्या काढल्या. पाच गठ्ठे, दोन सुट्या, त्यातून सात सुट्या द्यायच्यात, नाहीत ना, मग एक गठ्ठा सोडा. तर गठ्ठा सोडायला कोणी तयारच होईना! इतक्या मेहनतीने सुतळीने बांधलेले गठ्ठे, तो सोडला की परत बांधावा लागणार. शेवटी एका मुलाने दुकानाचं उदाहरण दिलं, दहाची नोट मोडून सुटे आणतो तसं, आणि मग सुतळ्या सुटल्या. दहा आणि दोन बारा, बारातून सात गेले पाच, राहिलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन गेले दोन, २५. दशक सुटा करणे हे शब्द मी त्यानंतर आठ दिवसांनी सांगितले.

निपुण भारत, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या, उद्दिष्टांमध्ये दुसरीला ९९९ पर्यंतच्या संख्या आहेत. भेटीला आलेल्या एका साहेबांनी जानेवारीत विचारलं, मॅडम अजून शंभरातच? मी त्यांना ऑगस्टच्या पाट्यांचे फोटो दाखवले. ते काही बोलले नाहीत. पण फेब्रुवारीत शतक घेतलं तेव्हा दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा बांधायला मुलांना मला काही सांगावंच लागलं नाही, आणि आमच्याकडच्या मुलांना दीडशे, अडीचशे, पावणेतीनशे घरातच ऐकून माहीत असतं, टोमॅटोच्या कॅरेटचा भाव नारायणगावच्या मार्केटमध्ये तसाच बोलतात. एक मुलगी बाबांची जुनी पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, घेऊन आली आणि त्यातले आकडे वाचून दाखवले, एवढे कॅरेट, एवढा भाव, एवढी हमाली.

मार्चअखेर मी ऑगस्टमधल्याच दहा संख्या परत सांगितल्या, त्याच क्रमाने. आता मेंढपाळाच्या मुलासकट वर्गात २४. बावीस जणांचं सगळं बरोबर आलं. दोघांचं अजून कधी कधी उलटं होतं. त्यातली एक मुलगी पहिल्या बाकावर बसते, सत्तावन्न सांगितलं की ती पेन्सिल पाटीपासून वर धरते, ओठातल्या ओठात वन्न, वन्न, पन्नास असं म्हणते, मग ५ काढते, परत थांबते आणि मग ७. बाकीच्यांचं लिहून झालेलं असतं आणि ते पुढची संख्या मागत असतात, पण तिचा सात काढून होईपर्यंत मी पुढची संख्या सांगत नाही.