चार दिवस फ्लॅटबेडवर: शिकाऊ म्हणून केलेला पहिला लांबचा फेरा

गेल्या महिन्यात पहिल्यांदाच फ्लॅटबेड ट्रेलरवर, म्हणजे बाजूच्या भिंती नसलेल्या सपाट, उघड्या ट्रेलरवर, शिकाऊ म्हणून लांबचा फेरा केला. चार दिवस, साधारण 1,900 किलोमीटर, मागे 22 टन लोखंड. खाली पाइप, त्यावर अँगलचे (L आकाराच्या लोखंडी बारचे) गठ्ठे. ज्यांच्यासोबत गेलो त्या काकांची सगळी नोकरी उघड्या ट्रेलरवर गेलेली. माझी समजूत होती की शिकायचं ते स्टिअरिंगवर बसून. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी गाडी हलली दुपारी तीनला, आणि या फेऱ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मी तोवर शिकलो होतो. असा फेरा पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

लोडिंगला सकाळी सातला नंबर लावला, क्रेन आमच्याकडे वळली तेव्हा बारा वाजून गेले होते. काका तेवढ्यात केबिनचे पडदे ओढून झोपून घेतात. मी मोबाइल बघत बसलो आणि रात्री नऊलाच डोळे मिटायला लागले. लोडिंगला थांबावं लागलं की झोपून घ्या, ती झोप रात्री कामाला येते.

माल चढताना काका पहिलं बघतात ते पुढचं अंतर. पाइपांची तोंडं ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी भिंतीला टेकलीच पाहिजेत. जोराचा ब्रेक लागला तर माल त्याच्या वजनाच्या 0.8 पट जोराने पुढे जाऊ बघतो, असं धरून बांधायचं असतं. आमच्या 22 टनांना ते सतरा टनांच्या वर जातं. मध्ये फूटभर जागा राहिली तर तेवढ्यात माल वेग घेतो, आणि भिंतीच्या पलीकडे आपण बसलेलो असतो.

मग माल बांधायचे पट्टे. मी जोर लावून रॅचेट (पट्टा ताणायचा दातेरी खटका) आवळत होतो, काका मात्र पट्टा कसा उतरतोय तेच बघत होते. उभा खाली उतरलेला पट्टा सगळा ताण माल दाबायला लावतो. तोच तिरपा होऊन बेडशी 30 अंशांवर आला तर दाब निम्मा. म्हणून बसक्या, कमी उंचीच्या मालाला नुसते वरून टाकलेले पट्टे पुरत नाहीत. पाइपांच्या गठ्ठ्याला एक-दोन पट्ट्यांचा पूर्ण वळसा घातला की आतले पाइपही आवळले जातात. अँगलच्या कडेवर पट्टा येतो तिथे खाली जाड रबर किंवा कोपऱ्याचं संरक्षण हवंच. वाऱ्यात पट्टा फडफडू नये म्हणून मोकळ्या भागात त्याला एक पीळ द्यायचा. गाठ मारलेला पट्टा कधीच वापरू नका, गाठीपाशी त्याची ताकद फार उतरते.

निघाल्यावर चाळीसेक किलोमीटरवर काकांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं काही बिघडलं. ते खाली उतरले आणि एकेका पट्ट्यावर मुठीने ठोकत पुढून मागे गेले. ताणलेला पट्टा ठण्ण वाजतो, सैल पडलेला भद्द. दहापैकी तीन भद्द वाजले आणि तिन्ही मी आवळलेले होते. रॅचेटला आणखी दोन-तीन दाते सहज मिळाले. माझं बांधणं चुकलं नव्हतं. हादऱ्यांनी पाइप एकमेकांच्या खाचेत बसतात, गठ्ठा किंचित आकसतो आणि पट्टा ढिला होतो. त्यानंतर चारही दिवस दर दोन-तीन तासांनी हीच फेरी. निघताना घाई असते, पण हा पहिला थांबा कोणीही टाळू नये असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

चालवण्याबद्दल थोडंच. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर, आणि वेग धरायला इंजिन ब्रेक, म्हणजे इंजिनच्याच अडथळ्याने गाडी आवरणं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते तापून निकामी होतात. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, हा आकडा डोक्यात ठेवला की पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप वाढतं. पहाटे दोन ते सहा काका चालवतच नाहीत. त्या वेळी झोप सगळ्यात जड असते. खिडकी उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. पंधरा-वीस मिनिटं गाडी लावून डोळे मिटले तर खरा फरक पडतो.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि ताडपत्री टाकावी लागली. सगळ्या फेऱ्यात मला भीती वाटली ती तेवढीच. बेड जमिनीपासून दीड मीटर, त्यावर माल, आणि त्या उंचीवर वाऱ्यात शिडासारखी फुगू बघणारी जड ताडपत्री. मी मागे पावलं टाकत ती ओढत होतो. काका खालून ओरडले, "पोरा, कडेकडे पाठ करू नकोस!" मागे वळून पाहिलं तर पुढचं पाऊल हवेतच पडलं असतं. ताडपत्री शक्य तितकी जमिनीवरूनच ओढा, वर चढायचंच असेल तर दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला ठेवा, आणि मालावर उलटं चालू नका.

रोज सकाळची तपासणी वीस मिनिटांची. टायर, हवेची गळती, दिवे, आणि चाकांच्या नटांखाली गंजाचा ओघळ. ओघळ दिसला तर नट ढिला असू शकतो. चौथ्या दिवशी असाच एक सापडला, तिथल्या तिथे आवळला. सोबत जाड तळाचे बूट, दोन जोड हातमोजे आणि डोक्याला लावायची बॅटरी घ्या; रात्री दोन्ही हात मोकळे लागतात.

माल उतरवताना मी सरळ पहिला रॅचेट सोडायला गेलो. काकांनी हात धरून दुसऱ्या बाजूला नेलं. एक पाइप सरकून पट्ट्यावर रेलला होता. मी सोडला असता तर तो त्या बाजूला उभ्या असलेल्या माणसावर आला असता. फोर्कलिफ्टने आधी त्याला आधार दिला, मगच पट्टा सुटला. सगळं उतरल्यावर पट्टे गुंडाळताना एकाला बोटभर काप गेलेला दिसला. अँगलच्या त्याच कडेवर मी रबर लावायला विसरलो होतो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून चाकू काढला, पट्ट्याचे मधोमध दोन तुकडे केले, चुकूनही कोणी तो पुन्हा वापरू नये म्हणून, आणि रिकामी जागा भरायला पेटीतून नवा पट्टा माझ्या हातात दिला.