वजन कुठून आणू जी?

आमचं ऑफिस नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आणि आमचं ॲप वापरणारी माणसं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कळमन्याच्या संत्रा मार्केटात. ॲप अडत्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदींचं. वर्षभरात आमच्यापैकी कोणी तिकडे फिरकलं नव्हतं.

गरजही वाटली नव्हती. सर्व्हे झाला होता, ४१ उत्तरं आली, बहुतेकांनी ‘सोपं आहे’वर खूण केलेली. पाच जणांना ऑफिसात बोलावून चाचणीही घेतली. पाचच का, तर वेबसाइट-ॲप वापरायला किती सोपी आहेत हे तपासणाऱ्या जेकब नील्सनने २००० साली मांडलेला हिशोब: पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. आमच्या टीम लीडला हे आरतीसारखं पाठ. पाचही जणांनी मिनिटाच्या आत नोंद केली. विषय संपला.

मला एकच गोष्ट खटकत होती. लिलाव सकाळी, आणि सर्व्हरवर नोंदी मात्र संध्याकाळी सहानंतर. लीड म्हणाला, आणखी एक सर्व्हे पाठवू. मी म्हटलं, नोंद कधी होते ते दिसतंयच. का, ते तिथं जाऊन बसल्याशिवाय कळायचं नाही. बरीच घासाघीस करून एक सकाळ मिळाली.

डिसेंबरची थंडी, आंबिया बहाराचे ढीग, बोलीचा गलका. मी एका अडत्याच्या मुनीमजींच्या शेजारी रिकाम्या पोत्यावर बसलो. विचारायचं कमी, बघायचं जास्त, असं ठरवून गेलो होतो. बोली तुटली की मुनीमजी खिशातून पेन्सिल काढत आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागे शेतकऱ्याचं नाव, भाव लिहीत. फोन खिशातच. तासभर दम धरला, मग विचारलंच.

“वजन कुठून आणू जी? भाव आता ठरला, माल काट्यावर जायले अजून दोन तास. तुमचं ॲप पहिले वजन मागते. त्याच्याबिगर पुढंच सरकत नाही.”

मी गप्प. चाचणीत आम्ही प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली होती: शेतकरी अमुक, वजन इतकं, भाव इतका, नोंद करा. वजन आम्हीच पुरवलं होतं! नील्सनचा हिशोब काही चुकला नव्हता. त्या चिठ्ठीवर पाचाच्या जागी पन्नास जण बसवले असते, तरी ही अडचण वर आली नसती.

“सर्व्हे भरला होता ना तुम्ही?”

“तो मालकाच्या फोनवर येते न भाऊ. मालक कायले नोंदी करते?”

पुढच्या आवृत्तीत वजन रिकामं ठेवून नोंद करता येऊ लागली. दहा दिवसांनी पुन्हा गेलो, या वेळी कोणाला न विचारता. सकाळी आठला मुनीमजींच्या हातात फोन होता. मी मनातल्या मनात फुगलो. त्यांनी पडदा माझ्यापुढे धरला: अकरा नोंदी, चारांत वजन नाही.

“कोणाचं राहिलं, हे दुपारी सांगत नाही न हे,” म्हणाले, आणि खिशातून कॅलेंडरचं पान काढलं.