कार्बन बदलायला सहा स्क्रू

द हेगमधल्या एका वाचनालयात महिन्यातल्या एका शनिवारी लांब टेबलं मांडली जातात. लोक बंद पडलेली इस्त्री, खरखरणारा रेडिओ, चेन तुटलेली पर्स असं काय काय घेऊन येतात, नंबर लावतात आणि कॉफी पीत बसतात. टेबलाच्या अलीकडे आम्ही, स्क्रूड्रायव्हर घेऊन. पैसे कुणी घेत नाही. वस्तू आणणाऱ्याने मात्र शेजारी बसून बघायचं आणि जमलं तर हातही लावायचा. याला इथे रिपेअर कॅफे म्हणतात. मार्तिन पोस्तमा या डच पत्रकार बाईंनी पहिला रिपेअर कॅफे १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये भरवला. आज जगभरात तसे दोन हजारांहून जास्त भरतात.

मागच्या फेब्रुवारीत तिथे एक आजी आल्या. सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या हिंदुस्तानी. १८७३ साली 'लाला रूख' या जहाजाने हिंदुस्तानी मजुरांची पहिली तुकडी सुरिनामच्या मळ्यांवर उतरली. पुढे १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्याच्या आगेमागे त्यांच्या वंशजांपैकी हजारो जण नेदरलँड्सला आले. द हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. आजी सरनामी बोलत होत्या, मी हिंदी, आणि दोघींचं बऱ्यापैकी जमत होतं. त्यांच्या पिशवीत आपला तीन भांड्यांचा मिक्सर होता. पंधरा वर्षं वापरलेला, आता मध्येच चालायचा आणि मध्येच थांबायचा.

माझ्या शेजारी बसणारे आजोबा आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम करून निवृत्त झालेत. त्यांनी मल्टिमीटर काढला. मी मिक्सर उचलून तळाच्या जाळीला नाक लावलं. जळक्या वार्निशचा वास नव्हता. म्हणजे मोटारीचं वाइंडिंग, तांब्याच्या तारेची गुंडाळी, शाबूत होतं. "कार्बन संपलेत," मी म्हणाले. (कार्बन म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे दोन छोटे तुकडे.) आजोबा माझ्याकडे बघत राहिले.

तळाला सहा स्क्रू होते, त्यातले दोन रबरी पायांखाली लपलेले. उघडल्यावर दोन्ही कार्बन झिजून नखाएवढे उरलेले दिसले. त्या मापाचे कार्बन आमच्याकडे असणं शक्यच नव्हतं. पण आजोबांच्या डब्यात एका जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचे मोठे कार्बन निघाले. ते पॉलिश पेपरवर घासून मापात आणायला मला वीस मिनिटं लागली. मिक्सर चालला तेव्हा आजींनी माझा हात धरला आणि विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाची पदवी माझ्या ओठांवर होती. पण मी इचलकरंजी म्हणाले.

अप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागांच्या गावात मोटारी जळायच्याच, त्यामुळे दुकानाला कधी खाडा नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. त्या मागांच्या खडखडाटावर आमच्यासारखी कितीतरी घरं उभी राहिली. लूमच्या मोटारी, शेतातले पंप आणि संध्याकाळी बायकांनी आणून ठेवलेले मिक्सर. शाळेतून आले की मी दुकानात बसायचे. जुनं वाइंडिंग तोडून वेढे मोजणं हे माझं काम. एक वेढा चुकला तरी अप्पा पुन्हा मोजायला लावायचे. सिरीज लॅम्प म्हणजे मोटारीशी एका ओळीत जोडलेला तपासणीचा दिवा; तो किती मंद लागला यावरून दोष कुठे आहे ते ते सांगायचे. पण दिव्याच्याही आधी नाक. "आधी वास घे, मग स्क्रू काढ," हे वाक्य मी हजारदा ऐकलंय.

आणि हे सगळं मी लपवलं होतं.

पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालं. प्रॉडक्ट डिझाइन असं काही असतं हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. खरं तर ते शिकायला आपल्याकडे पवईतच सोय होती. आयआयटी मुंबईचं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ साली सुरू झालं, आणि डेल्फ्टचा हा अभ्यासक्रमही त्याच वर्षीचा. पवईच्या प्रवेशासाठी सीईईडीची परीक्षा मी दोनदा दिली. चित्रकलेच्या भागात मी कमी पडले. मग वर्षभर रोज स्केचिंग केलं, डेल्फ्टला अर्ज केला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये इंटिग्रेटेड प्रॉडक्ट डिझाइनच्या मास्टर्सला आले. अर्जासोबतच्या पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामांच्या संचात, एक चकचकीत इअरफोन, एक हवेत तरंगल्यासारखा दिसणारा टेबललॅम्प आणि एक इलेक्ट्रिक स्कूटर होती. सगळं संगणकावर काढलेलं. यातली एकही वस्तू मी हातात धरलेली नव्हती. वडिलांच्या कामाबद्दल एक ओळ होती: 'विद्युत उपकरणांचा कौटुंबिक व्यवसाय'. ती ओळ आठवली की आजही वाईट वाटतं.

डेल्फ्टमध्ये प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. त्याची सवय व्हायला मला दोन महिने लागले. गुण दहापैकी देतात, सहाला पास आणि आठ मिळाले तर लोक अभिनंदन करतात. पहिल्या सत्रात मला साडेसहा मिळाले. माझं सादरीकरण संपल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला: "अशी कुठली वस्तू आहे, जी तू डोळे मिटून उघडू शकतेस?" वर्गात चोवीस जण होते. कुणी सायकलचा गिअर म्हणालं, कुणी कॅमेरा. मी मिक्सर म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो घेऊन यायला सांगितलं.

मिक्सर मी इचलकरंजीहून बॅगेत आणलेलाच होता. (नवीन येणाऱ्यांसाठी: इथेही वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच आहे. फक्त पिन बदलायला लागते. मिक्सर जरूर आणा, इथले ब्लेंडर सुकं खोबरं बघूनच थकतात.) वर्गात तो उघडून मी आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग), कम्युटेटर (त्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्याला कार्बन टेकतात), कार्बन, कपलर (मोटार आणि भांडं जोडणारा) असे भाग ओळीने मांडले. कपलर मुद्दामच मऊ का ठेवतात ते सांगितलं: भांड्यात काही अडकलं तर आधी तो तुटावा आणि मोटार वाचावी म्हणून. खालचं लाल बटण कशासाठी असतं तेही सांगितलं. पंचवीस मिनिटं बोलले, कागद न बघता. नंतर बाई म्हणाल्या, "हे तुझ्या पोर्टफोलिओत का नाही?"

माझ्या अंतिम प्रकल्पाचं बीज तिथेच पडलं. इथे पदवीचा शेवटचा प्रकल्प शंभर कामाच्या दिवसांचा असतो. मी विषय घेतला: मिक्सरचे कार्बन घरच्या माणसाला बदलता आले पाहिजेत.

आपल्या मिक्सरची गोष्ट मुळात दुरुस्तीतूनच सुरू होते. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नीचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच एक बनवायला घेतला, आणि १९६३ मध्ये त्यातून 'सुमीत' जन्मला. आमच्या आजीच्या तोंडी तर मिक्सरला सुमीत हाच शब्द होता. सुकी लाल मिरची, भिजवलेली डाळ, ओलं खोबरं हे सगळं एकाच मोटारीने दळायचं, म्हणजे दणकट मोटार हवी. तशी ती आहेच. वाइंडिंग वीस वर्षं सहज टिकतं. झिजतात ते दोन कार्बन, चहाच्या दोन कपांच्या किमतीचे. तेवढ्यासाठी सहा स्क्रू, लपलेले पाय आणि अप्पांसारखा माणूस लागतो. असा माणूस ज्या गावात नाही तिथे मिक्सर भंगारात जातो.

बऱ्याच ड्रिल मशीनना कार्बनची टोपणं बाहेरून असतात, नाणं घालून फिरवली की उघडतात. मी सरळ तीच युक्ती उचलली. फोमचे नमुने केले, मग थ्री-डी प्रिंट काढले आणि द हेग व डेल्फ्टमधल्या पाच भारतीय आणि सुरिनामी स्वयंपाकघरांत नेऊन ठेवले. तिसऱ्या घरी काकूंनी ओल्या फडक्याने मिक्सर पुसला आणि टोपणाच्या खाचेत पाणी साठलं. चौथ्या घरी नऊ वर्षांच्या मुलाने एक युरोचं नाणं घेतलं आणि मी आईशी बोलत होते तेवढ्यात टोपण काढूनही दाखवलं. वायर भिंतीतल्या सॉकेटला लावलेली होती. नमुन्यात वीज नव्हती म्हणून ठीक, पण खऱ्या मिक्सरमध्ये तो कार्बन विजेच्या वाटेतच असतो. माझे हात गार पडले. त्या रात्री मी टोपणांची सगळी चित्रं भिंतीवरून काढली.

उपाय सुचायला तीन आठवडे गेले. मिक्सरची वायर कायमची जोडलेली न ठेवता संगणकासारखी काढता येणारी केली, आणि तिचं सॉकेट नेमकं कार्बनच्या दारावर बसवलं. वायर उपसल्याशिवाय दार दिसतच नाही. पण कार्बन कम्युटेटरच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात आणि दार एकच. मग दोन्ही कार्बन एका चिमट्यासारख्या चौकटीत बसवले आणि ती चौकट मागून आत सरकवायची केली. स्प्रिंग कार्बनला आत ढकलते, त्यामुळे चौकट बसेपर्यंत तिला रोखून धरायला एक उतार लागतो. त्या उताराचा कोन जमवण्यात शंभरातले बावीस दिवस गेले. अप्पांना व्हिडिओवर दाखवायचे. ते म्हणायचे, "स्प्रिंग फार कडक ठेवू नकोस, कम्युटेटर खाईल." संगणकावरच्या गणितानेही पुढे तेच सांगितलं.

या स्वयंपाकघरांमध्ये फिरताना आणखी एक गोष्ट टोचत राहिली. माझी उंची १५२ सेंटिमीटर. इथले ओटे साधारण ९० सेंटिमीटरचे किंवा त्याहून उंच. मिक्सरचं झाकण वरून दाबून धरायचं तर मला टाचा उंच कराव्या लागतात. डच माणसं जगात सर्वांत उंच, त्यांचं बरोबरच आहे. डेल्फ्टकडे डच शरीरमापांचा मोठा संग्रह आहे आणि विद्यार्थी तो रोज वापरतात. भारतीय मापं मला अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) कामातून मिळाली, प्रा. देबकुमार चक्रवर्तींनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली. झाकणाची मूठ मी त्या आकड्यांवर बेतली. माझ्या आईचा हात त्यात नेमका बसतो.

दिवाळीत नमुना घेऊन घरी गेले. अप्पांना जुन्या मिक्सरचे कार्बन बदलायला अकरा मिनिटं लागतात. आईने माझ्या नमुन्यात ते दोन मिनिटांत बदलले, चष्मा न लावता. अप्पा काही बोलले नाहीत. तो नमुना त्यांनी रात्रभर दुकानात ठेवून घेतला.

पदवी २०२३ मध्ये मिळाली. त्यानंतर इथे 'झुकयार' नावाचा परवाना मिळतो. त्यावर वर्षभर राहून नोकरी शोधता येते. मी सात महिने शोधत होते. पोर्टफोलिओ नव्याने बांधला होता. पहिल्या पानावर अप्पांच्या दुकानाचा फोटो: भिंतीवर टांगलेली तांब्याची वेटोळी, सिरीज बोर्ड आणि अप्पांचा पाठमोरा शर्ट. रॉटरडॅममधल्या एका छोट्या स्टुडिओत मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी गुळगुळीत चित्रं भराभर उलटली आणि त्या मुलाच्या हातातल्या नाण्याच्या फोटोवर थांबल्या. पुढची वीस मिनिटं फक्त त्याच पानाबद्दल बोलणं झालं. नोकरी मिळाली.

गावाकडून, पुण्याहून बरीच मुलं मला पोर्टफोलिओ पाठवतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. सॉलिडवर्क्ससारखं आरेखनाचं सॉफ्टवेअर, स्केचिंग, प्लास्टिकच्या साच्याचे नियम हे सगळं यायलाच हवं, त्याला पर्याय नाही. पण तुमच्यापैकी एकाच्या वडिलांचं सायकलचं दुकान आहे, एकीची आई शिलाई मशीन स्वतः उघडते, आणि त्याचा एक शब्दही पानांवर नसतो. इअरफोन असतो. कृपा करून तो काढा. मशीनचं पान करा, कुठे अडकलात आणि काय मोडलं ते त्यात येऊ द्या.

इथे वारंही आता त्याच दिशेने वाहतंय. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीसाठी दहापैकी गुण छापायला लावले. वस्तू किती सहज उघडते आणि सुटे भाग काय भावाने मिळतात, हे त्यात मोजलं जातं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. वॉशिंग मशीन, फ्रिज, फोन त्यात आहेत, मिक्सर नाही. आपल्या सरकारनेही २०२२ मध्ये या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. माझी चौकट अजून कुणी बनवायला घेतलेली नाही. दोन कारखान्यांना दाखवली, दोघांनाही महाग वाटली. मी खर्च कमी करतेय. चौकटीचे भाग सातावरून चारावर आलेत.

परवा अप्पांचा फोन आला. दिवाळीपासून नमुन्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलले.

"ते मागचं दार काढलं की हातात येतंय न्हवं?"

"हो."

"मग ते हरवलं तर? माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मिक्सरांना खालचा पायसुद्धा नसतोय."

हा प्रश्न शंभर दिवसांत मला कुणीच विचारला नव्हता, मीही नाही. आत्ता टेबलावर कागद आहे आणि दाराला एका बाजूने बिजागरी लावून बघतेय. बिजागरी लावली की वायरच्या सॉकेटला जागा चार मिलिमीटर कमी पडते.