हा मरतो पुढे

परवा दुपारी घरातले सगळे लवंडलेले असताना भाचीने 'शोले' लावला. कॉलेजात जाणारी मुलगी, तिने 'शोले' बघितलेलाच नव्हता. असू शकतं असं, अशी मी स्वतःची समजूत घातली. जयने खिशातून नाणं काढलं आणि मी एवढंच म्हटलं, "ते नाणं नीट बघ हं." झालं! तिने दोन्ही हातांनी कान झाकले. "मावशी, प्लीज! पुढचं काही सांगू नकोस!"

1975 साली आलेला सिनेमा. ज्यांनी तो बघितलेला नाही त्यांनाही त्यातले संवाद पाठ असतात. त्याचं आता 'पुढचं' ते काय राहिलंय? पण पोरीचा चेहरा खरोखर कासावीस झाला होता, म्हणून मी गप्प बसले. फार कष्ट पडले. गप्प बसणं आमच्या रक्तात नाही.

आमची आजी सिनेमा बघताना पुढचं सांगायची. ते ती आपलं कर्तव्यच समजत असावी. नायक पडद्यावर येऊन धड उभाही राहिलेला नसायचा, की हातातलं विणकाम जराही न थांबवता ती निकाल जाहीर करायची, "हा मरतो पुढे." किंवा, "ही गोड बोलतेय ना, हिच्यावर लक्ष ठेवा." आम्ही भावंडं जाम चिडायचो. धाकटा तर एकदा उशी आपटून खोलीबाहेर निघून गेला होता. (खून कुणी केला ते ऐकून मगच गेला, हे वेगळं.) आजीवर ढिम्म परिणाम नाही. "आधी सांगितलेलं बरं असतं रे. मग एकदम रडू येत नाही," हे तिचं म्हणणं.

हे साफ खोटं होतं. तिला सगळं माहीत असायचं आणि दर वेळी रडू यायचंच. 'आनंद'मध्ये तो टेपरेकॉर्डर फिरायला लागायच्या आधीच तिचा पदर डोळ्यांना लागलेला असायचा. म्हणजे तोंडाने सांगायचं एखाद्या वेळी राहिलंच, तर पदराने सांगायची.

या सगळ्यात 'पुढे काय होणार' ही जी काही धडधड असते, ती माझ्यात नीट रुजलीच नाही. शेवट हातात आल्यावर माणूस करणार काय? मी इकडेतिकडे बघायला लागले. मागे कोण उभं आहे, नायिका बोलत असताना नायकाचे हात काय करतायत, ज्याचं गोष्टीत काहीच काम नाही तो माणूस तिथे का थांबलाय. आता कुणी आवडते सिनेमे विचारले की मनात जे येतात, ते सगळे आजीच्या चाळणीतून गळून उरलेले असतात. शेवट माहीत असूनही पुन्हा बसावंसं वाटतं, ते माझे.

आणि काही दिग्दर्शक तर आजीच्याच पंथातले निघाले. 'आनंद'च घ्या. 1971 चा सिनेमा. सुरुवातच होते ती आनंदचा डॉक्टर मित्र भास्कर याच्या सत्काराने. त्याने आनंदवर पुस्तक लिहिलंय, त्याचं कौतुक चाललंय. म्हणजे आनंद गेला, हे हृषिकेश मुखर्जींनी पहिल्या काही मिनिटांत सांगून मोकळं केलंय. मग उरतं काय? उरतो तो आनंद रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या पाठीत धपका घालून त्याला 'मुरारीलाल' म्हणणारा. लोक वैतागतात, तो माफी मागतो, पुन्हा दुसऱ्याला गाठतो. आणि एक दिवस जॉनी वॉकरचा ईसाभाई भेटतो, जो जरासुद्धा न गोंधळता जुनी ओळख असल्यासारखं त्यालाच वेगळ्या नावाने हाक मारतो. दोघंही खोटं बोलतायत, दोघांनाही ते ठाऊक आहे आणि दोघंही खूश आहेत. राजेश खन्नाच्या मरणापेक्षा मला ही भेट जास्त प्रिय आहे. या माणसाकडे वेळ फार थोडा आहे हे आपल्याला आधीच सांगितलेलं नसतं, तर हा निव्वळ एक विनोदी प्रसंग झाला असता.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरू' तर याहून पुढे जातो. 1952 चा. पहिल्याच दृश्यात एक एक्स-रे आणि निवेदकाचा आवाज: या माणसाला पोटाचा कॅन्सर आहे, त्याला अजून माहीत नाही. आजी जपानी असती तर निवेदक तीच. वातानाबे नावाचा हा सरकारी कारकुनीत झिजलेला साहेब, आयुष्यभर शिक्के मारत आलेला, मरण्याआधी लहान मुलांसाठी एक बाग करून जातो. बर्फ पडतंय, तो झोपाळ्यावर बसून गातोय, ते दृश्य जगभर गाजलं. गाजायलाच हवं. पण मला विचाराल तर या सिनेमातली खरी गंमत त्याच्या मरणानंतर आहे. सिनेमा चांगला भरपूर बाकी असताना कुरोसावा नायकाला मारून टाकतो आणि पुढचा सगळा वेळ आपल्याला त्याच्या शोकसभेत बसवतो. कचेरीतले लोक पितात, बागेचं श्रेय कुणाचं यावर वाद घालतात, हळूहळू त्यांना खरं उमगत जातं, मग चढलेली असताना रडत शपथा घेतात की आपणही असंच जगायचं. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तेच कागद, तेच 'दुसऱ्या खिडकीवर जा'. इतका खडूस आणि इतका खरा प्रकार मी दुसरीकडे फारसा बघितलेला नाही.

हिचकॉकचं एक कोडं मला कधी सुटलेलं नाही. 'सायको'च्या वेळी, 1960 साली, याच माणसाने सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका असा दंडक घातला होता आणि शेवट फोडू नका म्हणून प्रेक्षकांना विनवलं होतं. त्याआधी दोनच वर्षं त्याने 'व्हर्टिगो' केला. त्यात केवढं मोठं गुपित! आणि ते तो स्वतःच, अजून बराच सिनेमा बाकी असताना, नायिकेने लिहिलेल्या पत्रातून आपल्याला सांगून टाकतो. नायक अंधारात, आपण उजेडात. तो तिला 'ते कपडे घाल, केस तसे बांध' म्हणत सुटतो तेव्हा आपला जीव नुसता वरखाली होतो, कारण ती कोण आहे हे आपल्याला कळलेलं आहे. 'सायको' मी एकदा बघितला, छान घाबरले, संपलं. 'व्हर्टिगो'कडे मात्र पुन्हा पुन्हा जाते.

'शोले'चं नाणंही त्यातलंच. पहिल्यांदा बघताना ते नुसतं नाणं असतं. ठाकूरला दवाखान्यात न्यायचं की पळून जायचं, नाणं सांगेल तसं. अगदी शेवटी वीरूच्या हातात ते येतं आणि कळतं की त्याला छापा-काटा काही नव्हताच, दोन्ही बाजू सारख्या. दुसऱ्या खेपेला मग अमिताभचा चेहरा बघायचा असतो. दर वेळी याने मनात आधीच ठरवलेलं असतं आणि नाव मात्र नशिबाचं! हे भाचीला पहिल्याच खेपेला दिसावं म्हणून तर मी तोंड उघडलं होतं. जाऊ दे.

माहीत असण्याची सर्वांत मोठी किंमत मला 'पाथेर पांचाली'ने मोजायला लावली. 1955 चा. काशाची फुलं, धूर सोडत जाणारी आगगाडी, पावसात भिजणारी दुर्गा, यावर लोकांनी इतकं लिहिलंय की मी हात जोडते. माझं सगळं लक्ष त्या मण्यांच्या माळेत अडकलेलं असतं. शेजारीण येऊन दुर्गावर चोरीचा आळ घेते. दुर्गा नाही म्हणते. शेजारीण गेल्यावर आई तिला झोंटीला धरून फरफटत घराबाहेर काढते. पहिल्यांदा बघताना मी पूर्णपणे दुर्गाच्या बाजूने होते, त्या आईचा भयंकर राग आला होता. मग दुर्गा जाते, घर सोडायची वेळ येते, आवराआवर करताना तिच्या धाकट्या भावाच्या, अपूच्या हाताला एका वाटीत लपवलेली ती माळ लागते. तो कुणाला काही न बोलता ती तळ्यात फेकून देतो. शेवाळ बाजूला होतं आणि हळूहळू पुन्हा मिटतं.

आता पुन्हा बघताना काय करायचं? माळ तिनेच घेतली होती, हे माहीत आहे. आईचा मार तरीही नको वाटतो. पण दुर्गा 'नाही' म्हणते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. तिला ती माळ किती हवी असेल! घेतली, पण घालून कुणाला दाखवायची सोय नव्हती. आईवरचा रागही पहिल्यासारखा राहत नाही, तिला शेजारणीसमोर मान खाली घालावी लागलीये. सत्यजित राय यांनी एकाही पात्राला दोषी ठरवलेलं नाही आणि मला मात्र दर वेळी नवीन निवाडा करत बसावं लागतं.

विनोदी सिनेमांना हे काही लागू नाही, हे बरं आहे. 'अशी ही बनवाबनवी'चा शेवट फोडला म्हणून कुणी कुणाशी अबोला धरल्याचं ऐकिवात नाही. 1988 पासून लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन पदर सावरतोय आणि आम्ही तो वाक्य बोलायच्या आधी हसतोय. तिथे आजीचाही नाइलाज व्हायचा. पुढचं सांगायला जायची आणि सांगता सांगता स्वतःच इतकी हसायची की काही कळायचं नाही.

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'ला उलटं होतं. 2013 मध्ये पहिल्यांदा बघितला. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्याच दिशेने. येणार आहे, कधी येणार आहे, सगळं माहीत असतं. तरी मान मागे जातेच. त्या दगडाची सवय होत नाही, व्हायलाही नको.

इथपर्यंत माझं सगळं छान जमत आलं होतं. चांगल्या सिनेमाला माहीत असल्याने धक्का लागत नाही, उलट तो वाढतो, असं मी छाती ठोकून सांगत फिरायची. मग 2016 मध्ये नागराज मंजुळेंचाच 'सैराट' आला. मला तो अतोनात आवडतो. अर्चीचं ते ट्रॅक्टरवर येणं, परश्याचं विहिरीत उडी टाकणं, दोघांचं परक्या गावात भांडणं, रडणं, हळूहळू शहाणं होणं. विशेषतः ते भांडण. प्रेमकथेत पळून गेल्यानंतरचं घर इतक्या धीराने दाखवायला कोण तयार असतं? शेवटच्या काही मिनिटांत आवाजच काढून घेतलाय, तोही जागच्या जागी आहे. त्यात बोट ठेवायला जागा नाही.

पण मी तो शेवट पुन्हा बघितलेला नाही. अर्ची आईशी फोनवर बोलते, छोट्यालाही बोलायला लावते, आणि तिथे मी रिमोट हातात घेते. आजीचं सूत्र इथे उपयोगाला येत नाही आणि माझं तर त्याहून नाही. आनंद, वातानाबे, दुर्गा हे सगळे आपापल्या सिनेमात मरतात आणि पुन्हा लावला की पुन्हा जिवंत होतात. अर्ची-परश्याच्या दारात आलेली माणसं मात्र अधूनमधून वर्तमानपत्रात भेटतात, दुसऱ्या नावांनी, दुसऱ्या गावांत. आधी माहीत असून तिथे कुणाचं काय भलं होतं, मला कळत नाही. माझ्या यादीत तो सिनेमा आहे. फोनपर्यंतचा.