यादीतलं तिसरं पुस्तक

"तुमच्याकडे नसेल, मॅडम." किती साधं वाक्य. ग्रंथालयात आलेली ती मुलगी काही उर्मटपणे बोलली नाही, तरी दुपारपासून तेच टोचतंय.

सोलापूरच्या 1930 च्या मार्शल लॉवर तिला प्रकल्प करायचाय. पुस्तकांची यादी मोबाइलवर, एआयनं दिलेली. पहिली दोन लगेच काढून दिली. तिसरं म्हणे 1932 सालचं. लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, सगळं जागच्या जागी. संगणकात नाही. दाखल रजिस्टरात नाही. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची काढली. पहिल्या खंडात 1800 ते 1937 ची मराठी पुस्तकं आहेत, त्यातही नाही. दुसऱ्या ग्रंथालयातल्या माधुरीला फोन केला, तिच्याकडेही नाही. मग म्हटलं, "बाळ, असं पुस्तक निघालेलं दिसत नाही." त्यावर तिचं ते उत्तर.

पुस्तक सापडलं की हातात ठेवता येतं. नाही हे कसं दाखवायचं? दोन तास मी काय केलं, ते तिला दिसलंच नाही. आणि खरं सांगायचं तर 'दिसत नाही' एवढंच मी म्हणू शकते. त्या काळात सरकार पुस्तकं जप्त करत होतं. एखादी पुस्तिका दात्यांच्याही नजरेतून सुटली असेल. ही शंका मला येते. मोबाइलला येत नाही, म्हणून तो खरा ठरतो. माझ्या आधी इथे असलेल्या अप्पांच्या शब्दावर माणसं निमूट परत जायची. असो.

पण पोरगी हुशार आहे. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा, चौघा हुतात्म्यांची नावं धडाधड म्हणाली. रोज चार पुतळ्यांवरूनच कॉलेजला जाते. 12 जानेवारी 1931 ला त्यांना येरवड्यात फाशी दिलं, हेही तिला ठाऊक. तिला ते पुस्तक हवंय, कारण तिला खरंच जाणून घ्यायचंय. मग माझ्यावर विश्वास बसला नाही म्हणून मी का कुढत बसू? शोधायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नसेल. ते मला येतं.

उद्या वर्तमानपत्रांचे 1930 आणि 1931 चे बांधीव खंड खाली काढते. पानं ठिसूळ झालीत, झेरॉक्स नको. फोटो काढू दे. दात्यांची सूचीही तिच्यासमोरच उघडेन, तिलाच शोधायला लावेन. कार्यवाहांना विचारावं लागेल. आली नाही, तर तिच्या सरांकडे निरोप देते.