घोडी गेली, मेंढरं राहिली

धनगराच्या वाड्यावर पोहोचलो तेव्हा घोडी बाभळीच्या बुंध्याला कपाळ लावून रेटत होती. ओढून बाजूला केली की गोल गोल फिरायची आणि पुन्हा बुंध्याशी यायची. आधी रेबीजची धास्ती वाटली, म्हणून हातमोजे चढवले. पण डोळे हळदीसारखे पिवळे होते. सलाईन लावलं, तरी दुपारी ती गेली.

शवविच्छेदनात यकृत आक्रसलेलं, सुरीखाली करकरणारं निघालं. चार दिवसांच्या दुखण्यात यकृत असं होत नाही. उन्हाळ्यात तिने काय खाल्लं, असं मी विचारलं. धनगरमामा बांधाकडे गेले, एक वाळकी शेंग आणली आणि माझ्या कानाशी हलवली. खुळखुळा, शेंगेत बिया वाजणारं रानरोप.

"रानात दुसरं कायबी नव्हतं, सायेब. पर मेंढरं बी तितंच हुती. त्यास्नी काय न्हाई झालं?"

नेमका प्रश्न होता. खुळखुळ्यातली पायरोलिझिडीन अल्कलॉइडं, म्हणजे या रोपातली रसायनं, मूळ रूपात फारशी घातक नसतात. त्यांचं विष करतं ते यकृतच. तिथली एन्झाइमं त्यांच्यापासून पायरोल बनवतात आणि ते पेशीच्या डीएनएला चिकटतात. मग पेशी विभागत नाही, नुसती फुगते, मरते, आणि तिथे वण उरतो. याला महिने लागतात. मेंढीच्या पोटातले जिवाणू बरंचसं अल्कलॉइड आधीच मोडतात, आणि तिच्या यकृतात पायरोलही कमी बनतात. नुसत्या रवंथाने हे साधत नाही. गाय रवंथ करते, तरी घोड्यासारखीच बळी पडते. माणूसही सुटत नाही. १९७५ च्या सुमारास छत्तीसगडमधल्या सरगुजात गोंदली या भरडधान्यात याच कुळातल्या बिया मिसळल्या गेल्या आणि लोकांची पोटं पाण्याने फुगली, कित्येक दगावले.

मामांना यातलं थोडंच सांगितलं. त्यांना छळत होतं ते वेगळंच: चार दिवस आधी बोलावलं असतं तर? मी ठामपणे नाही म्हणालो. ते खरंच होतं. घोडी उन्हाळ्यातच आजारी पडली होती, दिसलं आत्ता.

तेवढ्यात मामी दुसऱ्या घोडीवर बिऱ्हाड लादू लागल्या. तुकतुकीत, खाऊनपिऊन बरी घोडी. तीही त्याच रानात चरलेली. मी बॅग पुन्हा उघडली, तिचं ओझं उतरवायला सांगितलं आणि रक्त काढलं.