पवनीची वीट

उमरेड-भिवापूरमार्गे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडे वळणाऱ्या बहुतेक गाड्या जंगल सफारीच्या असतात. आम्हीही पहिला दिवस जिप्सीत घालवला. वाघ दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी गावात शिरलो आणि मी सफारी विसरले. तीन बाजूंना मातीचा जुना परकोट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. १९६९-७० मध्ये इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा खाली बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली, एका खांबावर मुचलिंद नाग (पावसात बुद्धावर फणा धरणारा नागराजा), आणि तो ओळखू यावा म्हणून शेजारी त्याचं नावही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाटी लावली होती! आम्ही मात्र टेकडीची वाट चार जणांना विचारत गेलो, आणि यातलं एक अक्षरही मला तिथे वाचायला मिळालं नाही. मराठीत एक साधा फलक लावायला किती खर्च येतो? मला याचा खरंच राग आला.

परतताना परकोटाजवळच्या एका अंगणात पाणी मागितलं. आजी सुपात तांदूळ पाखडत होत्या. "बस नं माय, उन्हाची आली." रांजणाखाली एक वीट होती, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट.

"पाया खोदला तवा निघाली व माय. अशा लय निघाल्या."

मी वाकून पाहायला लागले, तशी आजींनी रांजण बाजूला करून वीट उभी केली. एक कोपरा तुटलेला. आत भाजलेली लाल माती, मधोमध काळपट, आणि तिच्यात बारीक, दोन्हीकडे निमुळत्या अशा असंख्य खाचा. मला वाटलं, किडीनं पोखरलंय.

"कीड कायची? धानाचा कोंडा होय हा. आमी चुलीच्या मातीत घालतो, तसाच."

भाजताना कोंडा जळून गेलेला, जागा तेवढी राहिलेली. म्हणजे ही वीट थापली तेव्हाही या गावाच्या भोवती धानाच्या बांध्या होत्या. हे मला आजवर कुणी इतकं सरळ दाखवलं नव्हतं.

आजींनी सुपातलं एक टरफल उचललं आणि एका खाचेत ठेवलं. नेमकं बसलं. मग वीट पुन्हा आडवी करून त्यांनी तिच्यावर रांजण ठेवला आणि विचारलं, "भात टाकू का दोघाईचा?"